चौथ्या चौकटीत काय

नील्लास सकाळी आला. घड्याळातली सकाळ;
बाहेर इवालोवर नोव्हेंबरचा काळोख अजून खरवडून निघायचा होता.
टोपी न काढताच त्यानं टेबलावर पट्टा ठेवला,
रेनडिअरच्या गळ्यातला, बकलात राखाडी केस अडकलेले.
"उणे दहापर्यंत बोलतो," म्हणाला,
"तिशीला दातखीळ बसते."

मी पट्टा फ्रीजरमध्ये टाकला,
राइलीच्या रानबोरांच्या डब्याला टेकवून,
आणि दाराच्या रबरातून केबल बाहेर ओढली.

ॲनालायझरच्या पडद्यावर चार चौकटी.
कोऱ्या. प्रत्येकीचा एकच प्रश्न:
इथे काय दाखवू?

सिग्नल एकच आहे.
डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढा तुकडा,
एकदाच पकडलेला.
यंत्राच्या पोटात तो सगळाच्या सगळा असतो,
दिसतं मात्र मी मागेन तेवढंच.

ए मध्ये स्पेक्ट्रम. हे मी न बघताही लावते,
घरात शिरताना दिव्याच्या बटणाकडे हात जावा तसं.
उंचवटा जागच्या जागी, कडा साफ.
बी मध्ये वेळ: आला, बोलला, गेला.
सी मध्ये चार ठिपक्यांचं नक्षत्र,
किंचित पसरलेलं, पण थंडीत कोण पसरत नाही.
खाली एक आकडा, एकूण चूक, सरासरी.
पास होण्याइतकी.

आणि डी? डी मध्ये "काही नाही".
हाही यादीतला एक पर्याय असतो.
एन्सिओ निवृत्त होताना तसाच ठेवून गेला होता,
"तीन डोळ्यांना जे दिसत नाही ते नसतंच," म्हणत,
आणि अकरा वर्षं मी ती चौकट
बंद खोलीसारखी सोडून पुढे जात राहिले.

"मग बरा आहे म्हणता पट्टा?"
नील्लासनं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती.
बरा आहे हे त्यानं आयुष्यात बऱ्याच टेबलांसमोर ऐकलं असावं.

मी यादी उघडली.
वीस-बावीस नावं, निम्मी कधी न शिवलेली.
खाली, खाली, अजून खाली:
चूक, काळाप्रमाणे.
म्हणजे काय म्हणायचं होतं
आणि तोंडातून काय निघालं,
यांतलं अंतर, अक्षरागणिक.

डी उजळली.
पहिल्या चाळीस अक्षरांत नुसतं त-त-प-प,
काटेरी झुडूप, पडद्याच्या छताला लागलेलं.
मग अचानक सपाट. पुढची नऊशे अक्षरं स्वच्छ.
सरासरीत ते चाळीस काटे विरघळून गेले होते,
डेगभर पाण्यात चिमूटभर मीठ.

स्फटिक गारठून जागा होतो, मी सांगू लागले,
सूर सापडेपर्यंत भरकटतो.
आणि पट्टा सुरुवातीलाच नाव सांगतो ना,
टेकडीवरचा रिसीव्हर तेवढंच आधी ऐकतो.
नाव ओळखू आलं नाही की कान मिटतो.

नील्लास पडद्याजवळ आला. टोपी आता हातात.
"म्हणजे बाकी सगळं नीट बोलतो.
नाव सांगतानाच अडखळतो."
हो.
"वसतिगृहात माझं असंच व्हायचं," तो म्हणाला.
"हजेरीत मला नीलो लिहिलं होतं.
माझा एक ल आणि शेवटचा स शाळेनं ठेवून घेतला.
त्या नावाला 'हजर' म्हणायचं,
तर पहिला घोट थुंकीचाच गिळायचो.
गणितं सगळी बरोबर यायची."
मग खिदळला, बऱ्यापैकी मोठ्यानं,
"मार्कांची सरासरी चांगली होती माझी!"

मी हसले की नाही आठवत नाही.
दुरुस्ती एका ओळीची होती:
बोलायच्या आधी तीन मिलिसेकंद थांब. जागा हो. मग नाव सांग.
उणे बत्तीसला पट्ट्यानं नाव सांगितलं.
झुडूप गेलं.

तो गेल्यावर यंत्रानं विचारलं,
चौकटींची ही मांडणी जतन करू? नाव द्या.
मी फोन उचलला, त्याला रस्त्यातच गाठलं,
आणि त्यानं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं तसं लिहिलं,
ल ला ल जोडून, शेवटी स.

स्वयंपाकघरातून राइली ओरडतेय,
बोरांत केस कुणाचे म्हणून.